सामाईक कीबोर्ड

“वैशाली, तुह्या वावरातून जाऊन राहिलो बरं का. उभ्या पिकातून नाही जात, धुऱ्याधुऱ्यानं जातो.”

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, एक चप्पल काढून आणि एक पायात ठेवून, मी हे ऐकलं. आतून एका बाईचा आवाज आला, “जा ना सर, पण लवकर परत या. माही ओळ अर्धी राहिली.” खाली कृषी केंद्र होतं, म्हणजे वर शेतीशी संबंधित काहीतरी चालत असणार हे मला कळत होतं. पण पहिल्या मजल्यावर कोणाच्या वावरातून कोण कुठे चाललंय, हे काही कळेना. मी मुलाखतीला आले होते. काढलेली चप्पल परत घालून बसस्टँड गाठावं असं मनात आलं होतं, तेवढ्यात आतल्या बाईंनी मला पाहिलं आणि “ये वं, ये” म्हणाल्या.

आत एका लांब टेबलावर चार कॉम्प्युटर ओळीने मांडले होते आणि माणसं दोनच होती. डाव्या टोकाला सर बसले होते. वय पन्नाशीच्या पुढे, खांद्यावर दुपट्टा, आणि मांडीवर बिनवायरचा कीबोर्ड, धान्य पाखडायला सूप धरावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. शेजारी वैशालीताई. त्यांच्यासमोर स्क्रीन होता, पण कीबोर्ड नव्हता, माउसही नव्हता. तिसऱ्या रिकाम्या खुर्चीसमोरही नव्हता. चौथ्या मशीनला तर खुर्चीच नव्हती.

आमचं काम असं होतं: अकोला जिल्ह्यातल्या कपाशी, सोयाबीन, तुरीच्या शेतकऱ्यांना फोनवर मेसेज पाठवायचे. आज पाऊस आहे का, कोणती अळी दिसते आहे, काय फवारायचं आणि कधी थांबायचं. मेसेज लिहायचा आपापल्या मशीनवर आणि पाठवायचा चौथ्यावरून. सर त्याला वेशीवरचं मशीन म्हणत.

सगळी मशीनं एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून आणलेली होती आणि सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स होतं. लिनक्स फुकट मिळतं म्हणून घेतलं असेल असं मला वाटलं होतं. सरांचं म्हणणं वेगळं. “फुकट तं लय काही भेटते. हा गडी इमानदार आहे. काही बसवाचं असलं की आधी पासवर्ड मागते. इचारल्याशिवाय हात लावत नाही कशाले.”

त्या लिनक्सवर त्यांनी एक छोटा प्रोग्राम बसवला होता. असे प्रोग्राम जगभर लोक वापरतात, हे मला माहीत होतं. एका माणसासमोर दोन-तीन कॉम्प्युटर असतील, तर टेबलावर कीबोर्डांची गर्दी नको म्हणून. माउस उजवीकडे सरकवत नेला की बाण एका स्क्रीनच्या कडेवरून नाहीसा होतो आणि शेजारच्या स्क्रीनवर उगवतो. मग तोच कीबोर्ड त्या मशीनवर चालू लागतो. म्हणजे ही सोय एका माणसाला अनेक मशीनं सांभाळता यावीत यासाठी आहे. सरांनी ती उलटी लावली होती. अनेक माणसांना एकच कीबोर्ड.

ज्याला लिहायचं त्याने कीबोर्ड मागायचा. मागायचा म्हणजे तोंडाने, मोठ्याने. मग कीबोर्ड आणि माउस हातोहात त्याच्याकडे यायचे आणि बाणही आधीच्या स्क्रीनवरून सरकत सरकत यायचा. वाटेत कोणाचा स्क्रीन लागला तर त्याला सांगायचं की मी तुझ्या वावरातून जातोय. आणि जाताना बाण स्क्रीनच्या मधून न्यायचा नाही, खालच्या कडेने न्यायचा. तो धुरा, म्हणजे शेताचा बांध. दुसऱ्याच्या उभ्या पिकातून कोणी जात नसतं.

मला तिसरी खुर्ची मिळाली. सर म्हणाले, “तीन महिने पाहू. तेवढ्यात तुह्या हातचा एक तरी मेसेज गेला पाहिजे. अन् पाठवाच्या आधी खोलीत मोठ्यानं वाचाचा. वाचला नाही तं गेला नाही.”

घरी बाबांशी माझा करार झाला होता की अकोल्याची नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर अमरावतीला परत यायचं आणि बँकेच्या परीक्षांना बसायचं. मला बँक नको होती. ही विचित्र खोली पहिल्याच दिवशी आवडली होती. पण मोठ्याने वाचायचं म्हटल्यावर मी पुन्हा दाराकडे, चपलांकडे पाहिलं. मी इंग्रजी शाळेत शिकले. तिथे वर्गात मराठी बोललं की दंड होता आणि वऱ्हाडी बोललं की हसू होतं. पुढे कॉलेजात इंग्रजी बोलायची वेळ आली तेव्हा तीही घशातच राहिली. तीन भाषा येतात असं मी अर्जात लिहिलं होतं. त्यातली एकही वेळेवर बाहेर येत नाही, हे लिहायला रकाना नव्हता.

पहिले काही आठवडे मी कीबोर्ड मागितलाच नाही. समोर हवामानाचे नकाशे आपोआप बदलत राहायचे, ते पाहत बसायची. माझा स्क्रीन वेशीवरच्या मशीनच्या अलीकडे होता, त्यामुळे प्रत्येक मेसेज पाठवायला बाण माझ्याच वावरातून जायचा. दिवसभर येणारे-जाणारे. हळूहळू मला मान वर न करता, नुसत्या बाणावरून माणूस ओळखता यायला लागला. सरांचा बाण खालच्या कडेने, थांबत थांबत जायचा. मधे माझं काही उघडं असलं तर वाचायला थबकायचा. वैशालीताईंचा बाण आडवातिडवा यायचा आणि एकदा तर माझ्या नकाशावरून विदर्भाच्या मधोमध गेला. “सर नाहीत ना, जाऊ दे वं,” त्या हळूच म्हणाल्या. कीबोर्डवर एक बटण होतं, ते दाबलं की बाण आहे त्या स्क्रीनवर अडकून पडायचा. वैशालीताई डबा खाताना ते दाबून ठेवत, म्हणजे त्यांची पाळी जात नसे. सरांना हे माहीत होतं. ते म्हणत, “कुलूप लावून जेवते थे. हात धुवाले गेली की आपलंच राज्य.”

एवढा अट्टाहास कशासाठी, हे मी विचारलं नाही. मी काहीच विचारत नसे. पण सर न विचारता सांगणाऱ्यांपैकी होते. त्यांचं गाव बार्शीटाकळीकडे. चार भावांत एक सामाईक विहीर आणि विहिरीवर एकच इंजिन. ज्याला पाणी पाहिजे त्याने भावाच्या दारात जायचं, मागायचं, थोडं भांडायचं, चहा प्यायचा. “भांडता भांडता समजे का कोनाच्या वावरात काय पेरलं, कोनाची पोरगी कितवीत गेली. मंग विजेची लाइन आली. चार भावाच्या चार मोटरी बसल्या. ज्याची त्याची बटन. त्या दिवसापासून कोनी कोनाशी बोललं नाही. विहीर आटली थे वेगळंच.”

वैशालीताईंनी ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की त्या पुढचं वाक्य आधीच म्हणत. “म्हणून चार कीबोर्ड आणले नाहीत,” असं त्या म्हणाल्या की सर म्हणायचे, “पाह्य, हिले समजते.”

विहिरीची एक सवय मात्र त्यांनी सोडली नव्हती. गावाकडे मोटर बंद करून घरी जाताना शेतकरी पेटीतला फ्यूज काढून खिशात घालतो, म्हणजे मागे कोणी पाणी चोरणार नाही. सर चहाला खाली जाताना कीबोर्ड काखेत मारून नेत. चहाची टपरी आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली होती, त्यामुळे कीबोर्ड खाली गेला तरी त्याचा सिग्नल वर पोहोचायचा. काखेत एखादं बटण दाबलं जायचं आणि जिथे बाण असेल त्या स्क्रीनवर ‘ललललल’ अशी रांग लागायची. रांग थांबली की वैशालीताई म्हणत, “बसले बेंचावर.” पुन्हा सुरू झाली की, “उठले.”

मोठ्याने वाचायचा नियम कुठून आला, तेही वैशालीताईंनीच सांगितलं. ही मी लागायच्या आधीची गोष्ट. टपरीवाल्याशी सरांचं कॉम्प्युटरवरूनच बोलणं चाले, फोनवर मेसेज जातो तसं. एकदा त्यांनी वेशीवरून एक मेसेज पाठवला आणि बाण तिकडेच विसरले. मग स्वतःच्या स्क्रीनकडे बघत, मान वर न करता, टपरीवाल्याला लिहिलं: ‘अद्रक ठेचून जास्त टाक. साखर कमी. चांगली उकळी येऊ दे. दोन पाठव.’ आणि पाठवायचं बटण दाबलं. ते बार्शीटाकळी तालुक्यातल्या कपाशीवाल्या सगळ्या शेतकऱ्यांना गेलं.

कोणालाही संशय आला नाही. आलं, लसूण, मिरची ठेचून, उकळून फवारतात हे सगळ्यांना माहीतच आहे. पहिला फोन आला, “साहेब, साखर कमी म्हंजे किती? घरी गूळ आहे, चालन का?” दुसऱ्याला दोनचा हिशेब कळत नव्हता, पंपाला दोन लिटर की एकराला दोन पंप. सरांनी कपाळाला हात लावून प्रत्येकाला सांगितलं की बाबू, तो चहा होता. पण एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा आठवड्याने फोन आला. कपाशीवरची माव्याची कीड गेली म्हणे, दुसरी फवारणी कधी घ्यायची. सरांनी पुन्हा तेच सांगितलं. म्हातारा म्हणाला, “चहाचं असो नाहीतं काही असो, मावा गेला ना?”

त्या दिवसापासून मोठ्याने वाचल्याशिवाय काही पाठवायचं नाही. “डोये फसतात,” सर म्हणत. “कानाले बरोबर समजते का हे कपाशीचं आहे का चहाचं.”

मी यातून पळवाट काढली होती. कागदावर मेसेज लिहायचा आणि वैशालीताईंकडे सरकवायचा. त्या कीबोर्ड मागत, टाइप करत, खणखणीत वाचत आणि पाठवत. दोनदा चाललं. तिसऱ्यांदा त्या वाचत असताना सरांनी हात वर केला.

“थांब. ‘फवारणी टाळावी’? कोनं टाळावी? शेतकऱ्याले सांगून राहिली का कोर्टाले?”

“लिहिलं तसंच वाचलं, सर.”

“तूनं नाही लिहिलं हे. आवाज तुहा आहे, भाषा तिची आहे.” आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, “तिचा तिले वाचू दे.”

मी वाचला नाही. तो मेसेज गेला नाही.

मग मी दुसरा उपाय केला. एका सोमवारी अमरावतीहून येताना घरचा जुना वायरचा कीबोर्ड पिशवीत घालून आणला. सर मांडीवरच्या कीबोर्डवर काहीतरी लिहीत होते. मी माझा कीबोर्ड टेबलाखाली गुडघ्यांवर ठेवून मशीनला जोडला आणि हळूहळू टाइप करायला लागले. दोन ओळीही झाल्या नसतील, तेवढ्यात सरांची नजर माझ्या स्क्रीनवर गेली.

“काहून बाई,” सर म्हणाले, “मोटरचा स्टार्टर माह्या हातात, अन् तुह्या वावरात पानी कसं?”

वैशालीताईंना ठसका लागला. सर रागावले नाहीत. उठले, खाली वाकले, वायर काढली, व्यवस्थित गुंडाळली आणि कपाट उघडलं. आत कीबोर्डांची चळत होती, काही काळे, काही पांढरे, एक तर गुलाबी. माझ्या आधीही या खोलीत लोकांनी चोरून विहिरी खोदल्या होत्या. “गुलाबी माहा आहे,” वैशालीताई नंतर मला म्हणाल्या. कपाटाची किल्ली सरांच्या कमरेच्या करगोट्याला होती.

काम मला येत होतं, हे सांगितलं पाहिजे. एकदा सरांच्या मशीनने अपडेटसाठी पासवर्ड मागितला आणि इमानदार गड्याने विचारलं म्हणून सरांनी तो दिला. दुसऱ्या दिवशी बाण त्यांच्या स्क्रीनच्या उजव्या कडेला येऊन अडकला. पलीकडे जाईना. सर माउस ओढत राहिले, ओढता ओढता माउस टेबलावरून खाली पडला. “धुऱ्यावर काटे टाकले कोनीतरी,” ते म्हणाले आणि खरंच आम्हा दोघींकडे संशयाने पाहिलं. सकाळभर काम ठप्प. मला अंदाज आला होता. नव्या अपडेटमध्ये स्क्रीन दाखवायची पद्धत बदलली होती, आणि त्या पद्धतीत बाहेरच्या प्रोग्रामला बाण हलवायला आडकाठी होती. लॉगिन करताना जुनी पद्धत निवडता येते. याची मी फोनवर इंग्रजीत वाचून खात्री करून घेतली आणि सर चहाला गेल्यावर त्यांच्या स्क्रीनवर चिठ्ठी चिकटवली: ‘लॉगिन करताना कोपऱ्यातील चाकावर क्लिक करून जुना पर्याय निवडावा.’

सर आले, वाचलं, केलं. बाण सुळकन वैशालीताईंच्या वावरात गेला. सरांनी चिठ्ठी काढून हातात घेतली.

“‘निवडावा’,” ते म्हणाले. “काम येते तुले. नुसता आवाज येत नाही.”

तिसरा महिना सरत आला तरी माझ्या हातचा एकही मेसेज गेला नव्हता. वैशालीताईंनी मला गच्चीवर नेऊन सराव करून घ्यायचा प्रयत्न केला. “म्हण, ‘कपाशीवर मावा दिसून राहिला’.” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “मले ऐकू नाही आलं वं, माव्याले काय ऐकू येईन?” शुक्रवारी महिना संपणार होता. शनिवारी मी नेहमीप्रमाणे अमरावतीला जाणार होते, आणि बहुतेक सामान घेऊन.

गुरुवारी वैशालीताई मुलाच्या शाळेत पालकांच्या मीटिंगला गेल्या. खोलीत सर आणि मी. सकाळी सरांनी मेसेज लिहिला, स्वतःच मोठ्याने वाचला, “तुह्या वावरातून जातो गं,” म्हणून माझ्या खालच्या कडेने बाण नेला आणि पाठवला: आज आभाळ मोकळं आहे, वारा नाही, फवारणी उरकून घ्या. परत येताना बाण माझ्या स्क्रीनवर ठेवून ते कीबोर्ड काखेत घेऊन चहाला उतरले.

मी नकाशे पाहत होते. सकाळी मोकळा असलेला भाग बदलला होता. बुलढाण्याकडून वाऱ्याचा एक पट्टा सरकत होता, मागे पाऊस. पुन्हा नकाशा बदलला, पट्टा आणखी पुढे. तासाभरात आमच्याकडे येईल असं दिसत होतं. म्हणजे आमच्या मेसेजवर विश्वास ठेवून जे आता पंप पाठीवर घेऊन वावरात उतरतील, त्यांच्यावर तेच औषध वाऱ्याने उलटं फिरून येणार होतं, डोळ्यांत आणि नाकातोंडात. उरलेलं पावसाने धुऊन जाणार.

मी सरांना फोन लावला. तो त्यांच्याच टेबलावर, दुपट्ट्याखाली वाजला. कपाटाला कुलूप होतं. माझ्या स्क्रीनवर नकाशाच्या खाली ‘ललललल’ रांग लागून नुकतीच थांबली होती.

मी गॅलरीत गेले. खाली टपरीच्या बेंचावर सर बसले होते, काखेत कीबोर्ड, हातात ग्लास, आणि कोणालातरी विहिरीची गोष्ट सांगत होते. कृषी केंद्रासमोर मोटरसायकली उभ्या होत्या. पाच-सहा शेतकरी औषधाच्या बाटल्या पिशवीत घालत होते. एकाने पंप मागे बांधला होता आणि तो किक मारायच्या बेतात होता.

“सर,” मी म्हणाले. माझ्याच कानांना नीट ऐकू आलं नाही. रस्त्यावरून एक ट्रक गेला.

माझ्या डोक्यात वाक्य तयार होतं. ‘वाऱ्याचा वेग वाढण्याची शक्यता असल्याने शेतकरी बांधवांनी फवारणी टाळावी.’ ते नेहमीसारखं डोक्यातच राहिलं. पंपवाल्याने किक मारली. मोटरसायकल सुरू झाली नाही. त्याने दुसऱ्यांदा पाय उचलला, आणि मी कठड्यावर दोन्ही हात टेकून, बाबा शेजारच्या गच्चीवरच्या माणसाशी बोलतात त्या आवाजात बोलले. अख्ख्या टपरीने माना वर केल्या. सरांचा ग्लास तोंडापाशी थांबला.

“ओ पंपवाले भाऊ, गाडी बंद करा. वारा येऊन राहिला, मागं पानी आहे, आज कोनी फवारू नका. अन् सर, तुमी थो कीबोर्ड आधी वर पाठवा, बाकीच्या गावाइले मले सांगाचं आहे.”